बाराखडी तोंडपाठ, पण ‘बस’ वाचता येत नाही

ओंजळ

मुलगा सव्वासहा वर्षांचा आहे, पहिलीत. क पासून ज्ञ पर्यंत सगळी अक्षरं ओळखतो, बाराखडी घडाघडा म्हणतो, मधलंच कुठलंही अक्षर विचारलं तरी अडत नाही. शाळेच्या वहीत ‘अक्षरओळख उत्तम’ असा शेरा आहे. आणि तरीही त्याला वाचता येत नाही.

काल संध्याकाळी मी पाटीवर ‘बस’ लिहिलं. दोनच अक्षरं, काना नाही की मात्रा नाही. त्याने ब वर बोट ठेवलं, “ब बदकाचा.” मग स वर, “स सशाचा.” मी म्हटलं, आता दोन्ही मिळून म्हण. तो खूप वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिला आणि म्हणाला, “बदकससा.” मी म्हटलं, नाही रे, नीट बघ. त्यानंतर त्याने पाटीकडे बघायचंच सोडलं आणि माझ्या चेहऱ्याकडे बघायला लागला, जणू उत्तर तिथे लिहिलंय. त्याचे डोळे भरून आले तेव्हा मी पाटी पुसून टाकली.

रात्री झोप लागली नाही. घरात आम्ही त्याच्याशी भरपूर बोलतो, तो स्वतः अखंड बडबड करतो, रचून रचून गोष्टी सांगतो. मग हे गाडं नेमकं कुठे अडलंय? मी अजून सराव घ्यायला हवा की थांबायला हवं? ज्यांनी लहान मुलांना शिकवलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

पाटीपेन्सिल

ओंजळ, आधी एक सांगते. तुम्ही पाटी पुसलीत ते फार बरं केलंत. आणि मुलाचं काहीही बिघडलेलं नाही. त्याला जे शिकवलं गेलं तेच त्याने चोख करून दाखवलं.

मी एकवीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवतेय. ‘बदकससा’ दरवर्षी किमान चार-पाच मुलांकडून ऐकते. ‘ब बदकाचा’ असं शिकवलं की मुलाच्या डोक्यात त्या आकृतीचं नाव ‘ब-बदकाचा’ असं बसतं. आवाज हरवतो आणि चित्र उरतं. मग दोन चित्रं जोडून शब्द कसा होणार? म्हणून माझ्या वर्गात अक्षराला शेपूट नसतं. ब म्हणजे ब. बदकाचं चित्र पहिले दोन दिवस आठवणीपुरतं, मग काढून टाकायचं.

दुसरी अडचण आपल्या लिपीतलीच आहे आणि मोठ्यांच्या ती लक्षात येत नाही, कारण आपल्याला सवय झालेली असते. आपण अक्षर सुटं म्हणतो तेव्हा त्यात पूर्ण ‘अ’ असतो. स म्हणजे स् अधिक अ. पण ‘बस’ म्हणताना शेवटचा अ आपण उच्चारतच नाही. लिहितो ‘बस’, म्हणतो ‘बस्’. ‘करवत’ लिहितो आणि म्हणतो जवळजवळ ‘कर्वत्’. म्हणजे मुलाने दोन्ही अक्षरं अगदी बरोबर म्हटली तरी जे कानावर पडतं ते त्याच्या ओळखीच्या शब्दासारखं नसतं. तिथून पुढची उडी त्याला स्वतःला मारावी लागते: ‘ब…स… हां, बस!’ ही उडी कशी मारायची ते दाखवावं लागतं. मी शब्द ताणून म्हणते, मधे श्वास न तोडता, ‘बऽऽस्’. मुलं माझ्याबरोबर ताणतात, मग पटकन मिटवतात. दिवसाला पाच-सहा शब्द, त्याहून जास्त नाही.

आता सरावाचं. सगळी अक्षरं आधी, मग बाराखडी, मग शब्द आणि शेवटी वाक्य, हा क्रम मी पंधरा वर्षांपूर्वी सोडला. हिशेब करून बघा. छत्तीस अक्षरं, प्रत्येकाची बारा रूपं, झाली ४३२. एवढ्या आकृत्या अर्थाशिवाय पाठ करून झाल्यावर पहिला शब्द मिळणार असेल तर वाचनात काही गंमत आहे हे मुलाला कळायलाच वर्ष जातं.

त्याऐवजी चारच अक्षरं घ्या. क, म, ल, न. आणि लगेच काना. बघा काय काय मिळतं: काका, मामा, नाना, काम, कान, नाक, मान, माल, लाल, काल, मला, कमान. आठवड्याभरात मूल ‘मला कान. मला नाक.’ असं वाक्य वाचतं. स्वतःचा कान धरून हसतं. वाचलेल्याला अर्थ असतो हे त्याला चौथ्या अक्षरालाच कळतं. मग पुढचा गट: र, स, त, प आणि दुसरी वेलांटी, म्हणजे ‘मी’ आणि ‘ती’ हाताशी येतात. असे गट रचताना दिसायला सारखी अक्षरं एकत्र आणू नका. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, प आणि ष, थ आणि य यांच्यात काही आठवडे अंतर असू द्या. ख चं तर वेगळंच. हाताने लिहिताना तो ‘रव’ होऊन बसतो, तेव्हा ख मधला दुवा नीट दिसेल असा लिहा.

तुमच्या मुलाला सगळी अक्षरं येतातच, त्यामुळे त्याला हा प्रवास फार वेळ लागणार नाही. फक्त शेपटं काढायची आहेत.

जुना पार

आमच्या पिढीतले सगळे क कमळाचा, ख खटाऱ्याचा म्हणतच शिकले. बाराखडी रोज सायंकाळी मोठ्याने म्हणायचो. आम्हाला वाचता आलं, आमच्या मुलांना आलं. मुळात आपली वर्णमाला ही जगातली सर्वांत शास्त्रशुद्ध मांडणी आहे. क वर्ग कंठातून, च वर्ग तालूवर, ट वर्ग त्याहून पुढे जीभ वळवून, त वर्ग दातांशी, प वर्ग ओठांवर. आतून बाहेर येत येत मांडलेले उच्चार आहेत. असा क्रम मोडून क-म-ल-न कशासाठी? पाठांतराला आज कमी लेखलं जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पाटीपेन्सिल

जुना पार काका, वर्णमालेबद्दल तुम्ही लिहिलंत त्यातला शब्द न् शब्द मला मान्य आहे. मला ती इतकी आवडते की तिसरीच्या मुलांना मी ती मुद्दाम वेगळा तास घेऊन शिकवते. तोंडासमोर तळहात धरायला सांगते. आधी ‘प’ म्हणा, मग ‘फ’. फ ला तळहातावर हवा लागते. मग ब आणि भ. मग गळ्यावर बोटं ठेवून प आणि ब, ब ला गळा थरथरतो. आपल्याच तोंडात एवढी व्यवस्था आहे हे समजल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

पण ही मांडणी उच्चारांच्या अभ्यासासाठी झाली. भाषा आणि उच्चार आधीच पक्के असलेल्या माणसासाठी ती आहे. शिकण्याचा क्रम म्हणून तिच्यात अडचणी येतात. पहिल्याच ओळीत ङ भेटतो, दुसऱ्या ओळीत ञ. सहा वर्षांच्या मुलाला ही दोन अक्षरं वाचनात एकदाही लागत नाहीत. शिवाय क ख ग घ हे एकमेकांच्या अगदी जवळचे आवाज ओळीने आल्यामुळे कानाला वेगळे करायलाही जड जातात.

पाठांतराचंही तसंच. बाराखडी मी म्हणून घेते, पण दहा-बारा अक्षरं आणि चार-पाच स्वरचिन्हं मुलांना वापरता यायला लागल्यावर. तेव्हा ती तक्त्यासारखी उपयोगी पडते. ‘का की के को येतंय, मग ता ती ते तो तुम्हीच सांगा’, असं म्हटलं की मुलं स्वतः उरलेली घरं भरतात. तोपर्यंत ती नुसती चाल असते. मी कित्येक मुलं पाहिलीत जी ‘क का कि की’ पूर्ण म्हणतात, पण नुसता ‘कु’ दाखवला की पहिल्यापासून मोजत येतात.

तुमच्या पिढीबद्दल एकच सांगते, रागावू नका. ज्यांना वाचता आलं तेच आज आपल्याला भेटतात. माझ्या आईच्या वर्गातल्या अर्ध्याहून जास्त मुली चौथीच्या आत शाळेतून गेल्या. ‘हिच्या डोक्यात शिरत नाही’ असं त्यांच्याबद्दल म्हटलं गेलं. त्यांना ‘बदकससा’वरून पुढे न्यायला कोणी बसलं नव्हतं.

जुना पार

रागावलो नाही. माझी धाकटी बहीण अशीच दुसरीतून घरी बसली. तिला अक्षरं येत होती. तुमचं वाचल्यावर बराच वेळ तिचाच विचार करत होतो.

कानोसा

मी भाषा आणि वाचा उपचारतज्ज्ञ आहे. पाटीपेन्सिल यांनी डोळ्यांच्या बाजूचं लिहिलं, मी कानाच्या बाजूचं लिहिते.

वाचनाचा पाया बोलण्यात आहे हे सगळे म्हणतात, पण नेमका कसा ते बघू. मुलाला कळावं लागतं की बोललेला शब्द तुकड्यांचा बनलेला असतो. ‘कागद’ म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर कागद येतो, का-ग-द हे तुकडे येत नाहीत. ते ऐकू यावेत म्हणून खेळ पुरतात, पाटीची गरज नाही. जिना चढताना प्रत्येक पायरीला शब्दाचा एक तुकडा. टाळ्या वाजवत घरातल्यांची नावं. मग जरा अवघड: ‘कागद’मधून ‘का’ पळवला तर काय उरलं? ‘गद’! निरर्थक शब्दांवर मुलं फार खूश होतात. मग ‘मान’मधला मा काढून का बसवा. हे सगळं गाडीत, आंघोळ घालताना, अंथरुणावर पडल्या पडल्या होतं. तुमच्या मुलाबरोबर एक आठवडा नुसतं हेच करा, ओंजळ. अक्षरं नकोतच.

लिपीनुसार इथे फरक पडतो. देवनागरीत एक अक्षर साधारण एका उच्चारखंडाला धरून असतं, त्यामुळे मुलांना आधी ‘का’ हा अख्खा तुकडा ऐकू येतो. त्यातले क् आणि आ वेगळे आहेत हे बरंच नंतर उमगतं, आणि ते उमगायला काना-मात्राच मदत करतात. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर काम केलं आहे. तिथेही दिसलं की अशा लिपीतली सगळी चिन्हं आणि जोडाक्षरं पक्की व्हायला चौथी-पाचवीपर्यंतचा काळ लागतो. इंग्रजीतली सव्वीस अक्षरं दोन महिन्यांत पाठ झालेली पाहून आपण मराठीशी तुलना करतो, ती चूक आहे. इंग्रजीची खरी अवघड चढण पुढे स्पेलिंगमध्ये येते, आपली सुरुवातीलाच येते.

आता एक काळजीपोटी. मूल दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा पाच वर्षांच्या मुलाचं बोलणं घराबाहेरच्या माणसाला कळतच नसेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणून थांबू नका. सर्वांत आधी ऐकण्याची तपासणी करून घ्या. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचून राहिलं की मुलाला आवाज येतो, पण दबलेला. हाक मारली की वळतं, म्हणून घरात कोणाला शंका येत नाही. आणि त्याच काळात त्याचे स, श, फ असे बारीक आवाज हातचे जातात.

पडद्यावरची गाणी दाखवून भाषा येते का, हेही आई-वडील सारखं विचारतात. पॅट्रिशिया कुल यांच्या गटाने २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतली नऊ महिन्यांची बाळं, त्यांना बारा वेळा चिनी भाषा ऐकवली. काहींशी माणूस समोर बसून बोललं, खेळलं. काहींनी त्याच माणसांना पडद्यावर पाहिलं. समोर माणूस होतं त्या बाळांचा कान चिनी आवाजांना तयार झाला. पडद्यावाल्या बाळांना काहीच आलं नाही. बाळ आवाजाइतकंच समोरच्याच्या नजरेतून शिकतं, आणि पडदा त्याच्या नजरेला नजर देत नाही.

सेतू

विषय थोडा बाजूला नेतो, पण मला तो याच धाग्यातला वाटतो.

आमच्या घरची बोली पुस्तकातली नाही. आम्ही ‘पानी’ म्हणतो, ‘व्हतं’ म्हणतो, ‘मपलं’ म्हणतो. मी पहिलीत गेलो तेव्हा पहिल्या आठवड्यात बाईंना काहीतरी सांगायला उठलो. काय सांगायचं होतं ते आज आठवत नाही. मी ‘पानी’ म्हटलं. त्यांनी ‘पाणी’ म्हणायला लावलं. तीनदा. ण निघेना. वर्ग हसला. त्यानंतर दुसरीच्या दिवाळीपर्यंत मी वर्गात बोललो नाही. वाचायला उभं केलं तर मनातल्या मनात वाचता यायचं, तोंड उघडायचं नाही. माझ्या नावापुढे ‘वाचन कच्चे’ लागलं.

आज माझी मुलगी चार वर्षांची आहे. आजी-आजोबांकडे ती आमची बोली बोलते, बालवाडीत दुसरं. आता नातेवाईक सांगतात की घरातसुद्धा शुद्ध बोला, नाहीतर तिचं वाचन मागे पडेल. मला ते करवत नाही. ज्या भाषेत माझी आई तिला जवळ घेते ती भाषा मी चुकीची कशी ठरवू?

पाटीपेन्सिल

सेतू, ठरवू नका. तुमच्या आईंना हवं तसं बोलू द्या, मुलीला भरभरून बोलू द्या.

‘शुद्ध’ हा शब्द मी वर्गातून हद्दपार केलाय. ‘घरचं’ आणि ‘पुस्तकातलं’ असे दोन शब्द वापरते. दोन्ही मराठीच. मागे एक मुलगी शाळेत येऊन म्हणाली, “आमच्या मांजरीनं चार पिल्लं दिली, एक काळं हाये.” मी फळ्यावर तिचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, ‘हाये’ सकट. बोट फिरवत वाचून दाखवलं. ती पुढे आली, तिने बोट फिरवलं आणि वाचलं. तिला तेव्हा जेमतेम बारा अक्षरं येत होती, पण वाक्य तिचंच असल्यामुळे पुढे काय येणार ते तिला माहीत होतं, आणि अक्षरं त्याला साक्ष देत होती. दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली ‘पुस्तकातलं’ वाक्य लिहिलं. दोन्हींत काय वेगळं आहे ते मुलांनीच शोधलं. हसलं कोणी नाही.

पुस्तकातली भाषा खरं तर कोणाच्याच घरची नसते. जी मुलं घरी ‘केलं’, ‘गेलं’ म्हणतात त्यांनासुद्धा छापलेलं ‘केले’, ‘गेले’ परकंच असतं. म्हणून सगळ्याच मुलांना पुस्तक वाचून दाखवायला हवं, त्या भाषेचा कान तयार व्हावा म्हणून. बालशिक्षणाचं मोठं काम केलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या. मुलं कुरणातून हलू शकत नाहीत म्हटल्यावर शाळा कुरणात गेली. भाषेच्या बाबतीत आपण एवढं तरी करूच शकतो, मूल जे बोलतंय तिथपर्यंत चालत जायचं.

तुम्ही दुसरीपर्यंत गप्प राहिलात हे वाचून फार वाईट वाटलं.

मोरपीस

माझा प्रश्न ओंजळ यांच्या उलट आहे. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. वाचते खडाखडा, अडखळत नाही, जोडाक्षरंसुद्धा. पण पान संपल्यावर विचारलं की काय वाचलंस, तर काही सांगता येत नाही. ‘एक मुलगा असतो’ एवढंच. लक्ष नसतं म्हणून मी रागावते. तिचं खरंच लक्ष नसतं का?

पाटीपेन्सिल

गफ आणि टनमर या दोघांनी १९८६ मध्ये वाचनाबद्दल एक साधी मांडणी केली, ती मला फार उपयोगी पडते. वाचून समजणं म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार. एक, छापलेल्याचा उच्चार करता येणं. दोन, तेच कोणी बोलून सांगितलं तर समजणं. बेरीज नाही, गुणाकार. यातली एक शून्य असली की उत्तर शून्य. ओंजळच्या मुलाकडे दुसरी बाजू भरभक्कम आहे, पहिली लंगडी. तुमच्या मुलीचं उलट असावं.

तपासायला सोपं आहे. तोच उतारा तुम्ही तिला वाचून दाखवा आणि मग विचारा. ऐकूनही कळला नाही तर अडचण अक्षरांत नाही, शब्दांत आणि माहितीत आहे. ऐकून कळला, पण स्वतः वाचून कळला नाही, तर तिची सगळी ताकद अजून उच्चारण्यातच खर्च होतेय, वरवर सफाई दिसली तरी.

आणि रागावू नका. १९८८ मध्ये रेक्ट आणि लेस्ली यांनी एक प्रयोग केला. मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा वाचायला दिला. वाचनात कच्ची, पण खेळ जाणणारी मुलं ही वाचनात पक्की, पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा पुष्कळ जास्त सांगू शकली. म्हणजे ‘समजून वाचणं’ हे एकटं कौशल्य नाही, ज्या गोष्टीबद्दल वाचतोय ती किती ओळखीची आहे यावर ते ठरतं. तुमच्या मुलीला कशाचं वेड आहे? किडे, आगगाड्या, चांदण्या, जे असेल त्यावरचं वाचायला द्या आणि मग विचारा. बहुतेक ती तुम्हाला थांबूच देणार नाही.

एक चूक मात्र जवळजवळ प्रत्येक घरात होते. मुलाला स्वतः वाचता यायला लागलं की आपण वाचून दाखवणं बंद करतो. ‘आता येतं ना, मग वाच की तुझं तू.’ नेमका तिथेच धागा तुटतो. सात-आठ वर्षांच्या मुलाला स्वतः जे वाचता येतं त्यापेक्षा कितीतरी वरचं ऐकून समजतं. नवे शब्द, लांब वाक्यं, ‘जरी… तरी’, ‘इतक्यात’, ‘परंतु’ हे सगळं कानातूनच येणार आहे. दहाव्या-अकराव्या वर्षापर्यंत वाचून दाखवा. वाचताना परीक्षा घेऊ नका. मधेच थांबून ‘आता हा काय करेल गं?’ एवढं पुरतं.

मोरपीस

आगगाड्या. आज रात्रीच करून बघते.

नदीकाठ

मी एका गावात संध्याकाळचा वर्ग चालवतो, शिक्षक नाही, स्वयंसेवक. आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं की मुलांना चित्रं आणि संदर्भ बघून अंदाजाने वाचू द्या, चुका काढू नका, हळूहळू येतं. दोन वर्षं तसं केलं. मुलं आनंदात होती, पुस्तकं हाताळत होती. पण चौथीतला मुलगा घराच्या चित्राखालचं ‘घर’ हे ‘झोपडी’ वाचतो आणि चित्र झाकलं की गप्प बसतो, तेव्हा मला पोटात खड्डा पडल्यासारखं झालं.

गावोगावच्या मुलांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीत २०२२ मध्ये देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी २०.५ टक्केच निघाली होती. २०२४ मध्ये २७.१ झाली. सुधारणा आहेच, पण मागे राहिलेल्यांतली मुलं माझ्यासमोर रोज बसतात. कुठून सुरू करू?

पाटीपेन्सिल

अंदाजाने वाचण्याचा विचार १९६७ च्या सुमारास केनेथ गुडमन यांच्या मांडणीतून आला आणि जगभर पसरला. मुलांना अर्थाशी, पुस्तकाशी जोडायचं हा त्यामागचा हेतू चांगलाच होता. पण २००० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीने उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले तेव्हा अक्षर आणि आवाज यांचं नातं क्रमाने शिकवलेल्या मुलांचं वाचन सरस ठरलं. अंदाज हा कच्च्या वाचकाचा आधार असतो. पक्का वाचक अक्षरच बघतो, फक्त इतक्या वेगाने की त्याला स्वतःला ते जाणवत नाही.

तुमच्या मुलांना पुस्तकांची भीती नाही, ही कमाई मोठी आहे, ती सोडू नका. रोज वीस मिनिटं वर लिहिले तसे गट घ्या. चौथीतल्या मुलाला पहिलीचं पुस्तक देऊ नका, ते त्याच्या मनाला लागतं. तेच शब्द घेऊन त्याच्या वयाची वाक्यं तुम्ही लिहा. आणि अंदाज पूर्ण बंद करू नका, त्याची जागा बदला. आधी अक्षरं वाचायची, मग ‘असा शब्द आहे का? इथे बसतो का?’ हे बघायचं. मराठीत याची गरजच पडते. ‘चार’ आणि ‘चारा’ यांत च एकच लिहितो, उच्चार वेगळे. ‘जीभ’ आणि ‘जमीन’ यांचा ज वेगळा. अक्षरांनी मूल शब्दाच्या दारापर्यंत जातं, शेवटचं पाऊल त्याला ठाऊक असलेल्या शब्दाच्या आधाराने टाकतं.

जोडाक्षरांना घाई नको. र चे प्रकार एकेक करून घ्या. चक्र, सूर्य, राष्ट्र आणि दऱ्या, चार ठिकाणी चार रूपं. रफार तर बसतो पुढच्या अक्षरावर आणि उच्चारायचा आधी. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ फळ्यावर शेजारी लिहून एकदा समुद्राचं आणि एकदा डोंगराचं चित्र काढायला सांगा.

कानोसा

नदीकाठ, तुमच्या मुलांपैकी कोणी अक्षरं उलटी लिहीत असेल तर सात वर्षांपर्यंत घाबरू नका. कपाचा कान डावीकडे असो की उजवीकडे, कप तो कपच, असं मेंदू जन्मापासून मानत आलेला असतो. फक्त अक्षरांच्या बाबतीत त्याला ही सवय मोडावी लागते. पण नऊ-दहा वर्षांचं मूल, बोलण्यात चलाख, नीट शिकवूनही महिनोन् महिने अक्षर-आवाज जुळत नसतील, तर त्याची तपासणी व्हायलाच हवी. ते आळशी नसतं. ते इतरांच्या दुप्पट कष्ट करत असतं.

ओंजळ

तीन आठवड्यांनी लिहितेय. उशिराबद्दल माफ करा.

पहिला आठवडा पाटी काढलीच नाही. जिन्याचा खेळ केला. ‘कागद’मधला ‘का’ पळवल्यावर तो इतका हसला की दिवसभर घरातल्या प्रत्येक वस्तूचं पहिलं अक्षर पळवत होता. मला दोन दिवस तो ‘ई’ म्हणत होता, आईमधला आ पळवून.

मग जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांची कार्डं केली. क, म, ल, न आणि एक काना वेगळ्या कार्डावर. ‘मला कान’ वाचलं तेव्हा खरंच त्याने कान धरला, पाटीपेन्सिलताई. काल त्याने स्वतः कार्डं लावली, ‘मामा लाल’. असं का रे, विचारलं तर म्हणाला, “रागावलाय.” परवा पुन्हा ‘बस’ लिहिलं. ‘बऽऽऽ’ असं ताणत राहिला, स वर बोट नेलं, थांबला, आणि मग म्हणाला, “बस. एवढंच होतं?”

पण एक प्रश्न त्याने मला विचारलाय आणि माझ्याकडे उत्तर नाही. म्हणाला, “आई, ब बदकाचा, बदक ब ने सुरू होतं. मग ळ बाळाचा का? बाळ तर ब ने सुरू होतं. आणि ण बाणाचा का? सगळे ब चेच आहेत.”

पाटीपेन्सिल

त्याला खरं उत्तर द्या. मराठीत ळ ने किंवा ण ने सुरू होणारा नेहमीचा शब्दच नाही. ही अक्षरं कायम मधे नाहीतर शेवटी राहतात. पुस्तक करणाऱ्यांपुढे दुसरा मार्ग नव्हता. आणि हे त्याला त्याच्या त्याच्या कानाने कळलं, हे त्याला आवर्जून सांगा. मग ळ कुठे कुठे लपलाय ते शोधायला लावा. डोळा, फळा, सावली नाही पण सावळा, असे.

ओंजळ

सांगितलं. आता तो घरभर ळ शोधत फिरतोय. वही केलीय वेगळी. आत्तापर्यंत चौदा झालेत. काळा, शाळा, मोळी, गोळा… ‘टाळी’ लिहिताना काना विसरला होता, वाचून बघितल्यावर त्यानेच घातला. पंधरावा शोधायला आजोबांना फोन लावलाय.